उरलंसुरलं

झाशी,
८ जुलै १९७९

ती. सौ. विद्याताईस,
धाकट्या सुहासचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गेल्या मंगळवारी पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण राग निवळायची वाट पाहत होते. तो काही निवळत नाही, तेव्हा तशीच लिहायला बसले आहे.

बेंबीजवळच्या गाठीचं तुला लिहिलं होतं, तो हर्नियाच निघाला. सर्जननी ह्यांच्याकडे बघून (माझ्याकडे नव्हे) सांगितलं की बहूजींचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे, ते सत्तरवर आल्याशिवाय ऑपरेशन नाही, शिवलेलं पुन्हा फाटेल. आणि फार दिवस काढले तर आतडं अडकून जिवावर बेतेल, हेही सांगितलं. वर म्हणाले, घरी बसून खाणाऱ्या बायकांचं असंच होतं. घरी बसून, ताई! ह्यांची मालगाडी पहाटे चारला असली की गार्डसाहेबांचा डबा काय इंजिन भरून देतं?

सासूबाईंनी सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपास धरायला लावले. दुसऱ्या आठवड्यात मला नळावर घेरी आली. तू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रोग्यांची पथ्याची ताटं लावतेस, एक बहिणीचंही लाव. मला मरायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही. दोन्ही ठणकावून सांगते.

माझ्यावरचा लोभ मात्र वजनाबरोबर उतरू देऊ नकोस.

तुझी,
सुहास


नागपूर,
१६ जुलै १९७९

चि. सौ. सुहास हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. हे हवे तेवढे घ्यावेत, ह्यांनी वजन वाढत नाही.

उपास आजपासून बंद. सकाळी वाटीभर मोड आलेले मूग नाहीतर भिजवलेले हरभरे. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, काकडी, ताक आणि पालेभाजी हवी तेवढी. तुमच्याकडे चौलाई म्हणतात तो माठ सध्या स्वस्त असेल. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि अर्ध्या साखरेचा चहा. रात्री एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि दुधी नाहीतर गिलकी. दिवसाचं तेल तीन चमचे, तेही मोजून. भाताची आठवण आली तर एक पोळी कमी कर आणि वाटीभर भात खा. आवडीचा घास तोडला की मन चोऱ्या करायला लागतं. रोज अर्धा तास चाल. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

सर्जनवरचा राग चालण्यात काढ. विश्वंभररावांना नमस्कार, मधू-इंदूला पापे.

माया आहे, ती पत्रात मावत नाही एवढंच.

तुझी ताई


झाशी,
२० ऑगस्ट १९७९

ती. सौ. ताईस,
सुहासचा सा. न. वि. वि., पण आज जरा फणकाऱ्यानं.

तुझं ताट चार आठवडे इमानेइतबारे जेवले. गेल्या गुरुवारी हे मला पार्सल ऑफिसात घेऊन गेले. तिथले दत्तात्रेयराव ह्यांचे मित्र, त्यांनी सामानाच्या काट्यावर उभी केली आणि वर विचारलं की वहिनींना कुठल्या स्टेशनासाठी बुक करू. काटा एकोणऐंशीवर! घरी आल्यावर ह्यांनी हळूच विचारलं की मी चोरून तर काही खात नाही ना. ताई, मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

माझा कालचा दिवस तूच तपास. मूग, दोन पोळ्या, वरण, माठ, फुटाणे, भाकरी, उसळ, दुधी, सगळं तुझ्या शब्दाप्रमाणे. इंदूनं पानात वरणभात टाकला, तो नेहमीप्रमाणे मीच संपवला. मधूला कॉलेजची घाई, त्याची दीड पोळी तशीच राहिली होती. ह्यांच्या डब्यातून दोन पराठे परत आले, बीना स्टेशनवर ह्यांना कुणीतरी पुरी खाऊ घातली म्हणे. सासूबाईंना गोड बाधतं, मग नैवेद्याचा शिरा कुणी संपवायचा? खरवड काढून खाल्ली ती वेगळी. पण ह्याला काही जेवण म्हणत नाहीत, हे भांडी घासायला टाकण्याआधीचं काम.

आता सांग, माझं कुठे चुकलं?

तुझीच, पण रुसलेली,
सुहास


नागपूर,
२७ ऑगस्ट १९७९

चि. सौ. सुहास हिस,
ताईचे आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा पाठीतला, खायचा नव्हे.

तुझं पत्र मी इथल्या स्वयंपाकघरात वाचलं आणि तुझ्या त्या ‘कामा’तला एकेक जिन्नस खरंच ताटात मांडला. सुहास, ते ताट मी लावून दिलेल्या ताटापेक्षा मोठं भरलं. मी लावलेलं तू बसून जेवतेस आणि घरानं टाकलेलं उभ्यानं.

तू खोटं बोलत नव्हतीस, तुला ते दिसतच नव्हतं. आपण आईलाही म्हणायचो ना, की ही तर काही खातच नाही, मग सुटते कशी. तिनं जन्मभर आपलं उष्टं खाल्लं आणि आपण तिला हसलो. मला आज त्याची फार लाज वाटली.

अन्न वाया जाऊ नये, कबूल. पण तुझं पोट म्हणजे घरचा उकिरडा नव्हे. ऑपरेशन व्हायला हवं, हे ध्यानात ठेव. पुढचं तू बघ, घर तुझं आहे.

काळजीत असलेली,
ताई


झाशी,
३० सप्टेंबर १९७९

ती. सौ. ताईस,
सुहासचा ताठ मानेनं सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग पदर खोचला. रात्री सगळ्यांना सांगितलं की आजपासून जो जे टाकील ते त्याचं त्यालाच पुढच्या जेवणाला, आणि मी कुणाचंही संपवणार नाही. कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांच्यापुढे त्यांचेच परतलेले पराठे गरम करून वाढले. इंदूला सकाळचा भात फोडणी देऊन दिला, ती मम्मी हिटलर हो गई म्हणून ओरडली. ओरडू दे.

सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. या घरात अन्नाचा असा माज कुणी केला नव्हता म्हणाल्या. मी म्हटलं, माज टाकणाऱ्यांचा, आजवर संपवत आले ती मी. तुझ्या बहिणीला कळवते म्हणाल्या. म्हटलं, अवश्य कळवा, पत्ता मी लिहून देते. आणि दिलाही!

आता कणीक मळण्याआधी प्रत्येकाला किती पोळ्या ते विचारते आणि तेवढेच गोळे करते. नैवेद्याला चमचाभर शिरा, देवानं अजून तक्रार केलेली नाही. मीही सगळ्यांबरोबर पाट मांडून जेवते. काटा सत्त्याहत्तरवर आला. मोहल्ल्यात मला भांडखोर म्हणतात ते खरंच आहे, आणि मी हे सोडणार नाही.

अशीच पाठीशी राहा.

तुझी,
सुहास


झाशी,
१२ मार्च १९८०

चि. सौ. विद्या हिस,
सुहासच्या सासूचे अनेक आशीर्वाद. सुनेनं दिलेला पत्ता पाच महिने डब्यात ठेवला होता, आज उपयोगी पडला.

सोमवारी ऑपरेशन झालं. वजन एकोणसत्तर भरलं होतं. टाके चांगले आहेत, काल ती चार पावलं चालली. तिनं कळवायला सांगितलं आहे, म्हणून ही बातमी आधी.

आता माझं. तिनं पहिल्या दिवशी कणीक मळताना मला विचारलं की तुम्हाला किती पोळ्या. मी तोंड फिरवून बसले. मला राग आला असं तिला वाटलं, आणि आलाही होता. पण खरं सांगायचं तर मला उत्तरच ठाऊक नव्हतं. पंधराव्या वर्षी या घरात आले, तेव्हापासून जे उरेल ते जेवले. कधी चार उरत, कधी अर्धी. माझी भूक किती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही कधी पाहिलं नाही. तिनं विचारलं तेव्हा मला उगाच रडू येत होतं. त्यानंतर ती रोज विचारायची, मी रोज म्हणायचे, कर तुझ्या मनानं. पण मनात मोजू लागले.

सध्या विश्वंभर रजेवर आहे, कणीक तोच मळतो, जगाचे नकाशे लाटतो. काल त्यानं विचारलं, आई, तुला किती? मी सांगितलं, अडीच. मुलं हसली. तो म्हणाला, अर्धी कुणी सांगतं का, दोन म्हण नाहीतर तीन म्हण. मी म्हटलं, दोननं माझं पोट भरत नाही, आणि तिसरी मी आता कुणासाठीही संपवणार नाही. माझी भूक अडीचची आहे, अर्धा गोळा कर.

त्यानं निमूटपणे केला.

इकडची काळजी करू नये.

सरला