उठण्याआधी जरा बसायचं

४ मार्च, मंगळवार
आज पुन्हा! ठमी मांडीवर पेंगली होती. पाळण्यात ठेवावी म्हणून उठले, तर डोळ्यांपुढे अंधारी. कपाट हाताला लागलं म्हणून निभावलं. नात ढिम्म, झोपलेली.

जन्मभर चालत्या बसमध्ये उभी राहून तिकिटं फाडली मी. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की भलेभले गडी एकमेकांच्या अंगावर, आणि मी जागची हलायची नाही. आता घरच्या पलंगावरून उठताना ही तऱ्हा!

कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की संपलं — तीन महिन्यांचं लेकरू मग माझ्या हातात कोण देईल?

६ मार्च, गुरुवार
सूनबाई सारखी ठमीला माझ्याकडे द्यायला बघते. "आई, घेता का जरा?" सकाळी म्हटलं, हात ओले आहेत. दुपारी म्हटलं, गुडघा धरलाय. उद्यासाठी नवी थाप शोधायला हवी.

एक युक्ती मात्र काढलीय. पाणी कमी केलंय. पाणी कमी म्हणजे बाथरूमच्या फेऱ्या कमी, म्हणजे उठणंच कमी. आहे की नाही डोकं!

७ मार्च
डोकं कसलं! आज नुसती खुर्चीतून उठले तरी भिंत धरावी लागली.

९ मार्च, रविवार
चिरंजीव समोर येऊन बसला. "आई, खरं सांग. तुला नात नकोशी झालीय का?"

मग काय — रडत रडत सगळं ओकून टाकलं. अंधारी, कपाट, पाणी, सगळं. मला वाटलं, झालं, ठमी आता बंद. तर म्हणतो, "वेडी आहेस का तू? अंगावर काय काढतेस? उद्या दवाखान्यात!"

सूनबाई दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. एक शब्द बोलली नाही. बोलेल कशाला? तिच्या लेकीच्या जिवाशी खेळ मांडला होता मी.

१० मार्च, सोमवार
सुटले! मेंदूबिंदूचं काही नाही!

डॉक्टरीणबाईंनी आधी आडवं करून बीपी घेतलं, मग उभं करून. उभी राहिले की धाडकन उतरतंय. "या वयात बऱ्याच जणांना होतं," म्हणाल्या. माझी बीपीची गोळी जरा जास्तच होत होती, ती कमी केली. पाण्याची युक्ती सांगितली तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, अंगात पाणी कमी की बीपी आणखी खाली. नेमकं उलटं केलंत!"

तर आता पाणी व्यवस्थित प्यायचं. उठायची घाई नाही. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग काहीतरी धरून उभं राहायचं आणि थोडं थांबायचं. अंधारी आलीच तर लाज न बाळगता मटकन खाली बसायचं. आणि ठमी? सध्या बसूनच घ्यायची, उचलायचं-ठेवायचं काम दुसऱ्याने करायचं. बंद नाही म्हणाल्या! घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते.

१३ मार्च
कडेला बसून पावलं हलवते, तर पाळण्यात ठमीही पाय झाडते. दोघींची कसरत एकदमच!

१८ मार्च, मंगळवार
पुन्हा तपासलं. उभ्याचं बीपी चांगलंच सावरलंय. "घ्या आता नातीला उचलून, पण दमानं," म्हणाल्या. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आल्या आल्या ठमीला घेऊन खिडकीपर्यंत गेले.

सूनबाई मात्र अजून गप्पगप्पच. रागावली असणार. रागावू दे, तिचा हक्कच आहे.

१९ मार्च
रागावली नव्हती. आज ठमीला माझ्या हातात दिलं आणि शेजारीच मटकन बसली. "आई, मलाही येते अंधारी. बाळंतपणापासून. माझ्या हातून पडेल म्हणून तर तुमच्याकडे देत होते."

पाण्याचा जग आधी तिच्यापुढे ठेवला. उद्या तिला मी नेते दवाखान्यात.