गुरुवार, दीड ते तीन

आबा, तुमचा हात लई जड होता. मी चौथीत असेन. तुम्ही सुरुंग लावायला निघालात आणि मी म्हणालो, शेजारची काकू म्हणते आत्ता राहुकाळ आहे, जाऊ नका. कानाखाली अशी बसली की चुलीपुढं जाऊन पडलो, ओठ फाटला. आई भाकरी टाकून धावली. तुम्ही म्हणालात, "ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, त्यांचं पंचांग घरात आणतो व्हय?" धम्म घेतल्यापासून आपल्या घरात कॅलेंडर फक्त दुधाच्या खुणांसाठी. तुम्ही तर मुद्दाम राहुकाळातच वातीला काडी लावायचात. लोक तोंडं वाकडी करायचे, पण विहिरीला बोलवायचे तुम्हालाच.

परवा खोडदवरून गाडीवर येत होतो. तिथल्या त्या थोरल्या अँटेनांना आभाळातलं ऐकू येतं म्हणतात. राहू काय बोलतो, विचारावं वाटलं. पण ते असू द्या, मला अवसरीच्या विहिरीचं सांगायचं होतं.

मळ्याचा मालक हात जोडत आला. गुरुवारी दीडला अमृताचा चौघडिया आहे, बार तेव्हाच उडवा, माझ्या म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल, म्हणाला. तुम्ही हसलात आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची वेळ पाळलीत. मी वर कंप्रेसरपाशी. एक बार उडालाच नाही. तुम्ही बिडी संपवलीत, थोडं थांबलात, मग बघायला खाली उतरलात. आणि तो उडाला. दगडांचा पाऊस थांबला तेव्हा तुमच्या शर्टाची बाही बाभळीवर लटकत होती. रिकामी नव्हती.

मयताला जमलेल्या लोकांत कुजबुज. जन्मभर राहुकाळाला खिजवलं, त्यानं डाव साधला. माझं रक्त उकळलं. वात ओली होती, हळू जळत आली, एवढंच. मी मालकाला धरून पुढं ओढलं, सांग म्हटलं सगळ्यांना, तूच अमृत काढून दिलं होतंस. त्यानं कॅलेंडर आणून पुढं धरलं. अमृत, दीड ते तीन. खालच्या ओळीत राहुकाळ, दीड ते तीन. एकाच पानावर, राव. मी त्याच्या तोंडावर बुक्क्या घालत सुटलो. त्याचे दात माझ्या मुठीत रुतले, चौघांनी ओढलं तरी मी सोडेना. त्यानं हात उचलला नाही. रक्त थुंकत म्हणाला, "मार. मी वरचंच बघितलं व्हतं. खालचं वाचलंच न्हाई."

तेव्हापासून मी भटकतोय. कधी मंचरला, कधी जुन्नरला, मिळेल ते काम. हे पत्र कुठं टाकू? पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही दुसऱ्याही कानाखाली ठेवून दिली असती. गुरुवारी दुपारी कुठंही असलो तरी मी गाडी कडेला घेतो आणि तीन वाजेपर्यंत हलत नाही. अमृताला भितो का राहूला, मलाच कळत नाही. कुणी विचारलं तर इंजिन तापलंय म्हणून सांगतो.