दुसरी वेलांटी

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सामाईक भाजीमळ्यातला अण्णांचा तुकडा आता माझ्या नावावर झाला. मळ्याच्या समितीच्या चिटणिसांनी बजावलंय, एकही वाफा महिनाभर पडीक दिसला तर तुकडा काढून घेऊ. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला मुळा कधी पेरायचा हे काय ठाऊक? हातपाय गाळून बसलो होतो, तेवढ्यात बियांच्या डब्यात यंदाच्या बारा चिठ्ठ्या सापडल्या. दर महिन्याची एक. दरवर्षीसारख्या नोव्हेंबरातच लिहून ठेवलेल्या, म्हणजे अण्णा जायच्या तीन आठवडे आधी. फेब्रुवारीत गवार, एप्रिलात सुरण, मेमध्ये आलं, सप्टेंबरात पालक, ऑक्टोबरात लसूण, डिसेंबरात नुसतं खत. माप त्यांचं जुनंच, तोंडांचं. "पाच तोंडांपुरती गवार." मी, तुझी वहिनी, चिमणी, तू आणि भाऊजी. शिवाय प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी धमकी, "विसरलास तर बघ!" वर जाऊनही कान धरायचा सोडत नाहीत.

पहिला वाफा आजच खणला. मध्ये दोनदा बसावं लागलं, डावा खांदा भरून आला. वय झालं म्हणायचं.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पाणी घालत जा.
तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका आहेत. राग मानू नकोस. छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं वाचली, डोळ्यांना खोडच लागली आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. नोव्हेंबरात अण्णा चांगले ठणठणीत होते. तेव्हा आपण सहा जण होतो. मग त्यांनी पाच तोंडं कशी लिहिली? हे म्हणतात, स्वतःला धरायचं विसरले असतील. अण्णा, आणि स्वतःचा वाटा विसरणार? जेवताना वाटीतला शेवटचा घास कोणाचा यावरून आईशी भांडणारा माणूस तो. जाऊ दे, मलाच काहीतरी खुसपट काढायची सवय.

वहिनीला आणि चिमणीला जवळ घेतल्याचं सांग. लोभ आहे, तो वाढता ठेव.
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस म्हणून चिठ्ठ्यांचे जुने गठ्ठे सोडले. लिहू नये असं वाटतंय, पण तुला नाही तर कोणाला सांगू? आई गेली त्या वर्षीच्या चिठ्ठ्या पाहिल्या. त्याही आदल्या नोव्हेंबरातल्या. एप्रिलपर्यंत सात तोंडं, मेपासून सहा. आई एप्रिलच्या अठ्ठावीसला गेली, तीही ध्यानीमनी नसताना.

मग यंदाचे आकडे शेवटपर्यंत नीट पाहिले. ऑगस्टपर्यंत पाच, सप्टेंबरपासून चार.

ताई, आपल्या पाचातलं कोणीतरी. चिमणीला लगेच डॉक्टरकडे नेलं. जंताचं औषध मिळालं, बाकी काही नाही. तुझ्या वहिनीचं रक्त तपासलं, तेही चांगलं. आता तू आणि भाऊजी सगळ्या तपासण्या करून घ्या, पाया पडतो. माझी काळजी नको, सुरण लावताना तीनदा बसलो एवढंच.

लोभ तर आहेच, आता जिवालाही जप.
धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

झाल्या एकदाच्या तपासण्या. यांची साखर जराशी वर आहे, मी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही आम्हा सगळ्यांना पुरून उराल. ऐकून हे दिवसभर माझ्याशी जपून बोलत होते.

तरी यंदाच्या चिठ्ठ्या मला पाठव. तू उतरवून काढलेल्या नकोत, अण्णांच्या हातच्याच हव्यात. तू वाचतोस ते काम कळावं म्हणून. मला अक्षर वाचू दे.

लोभ आहे, आणि रजिस्टर पोस्टाने पाठव.
ताई

१० जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चिठ्ठ्या मिळाल्या. हे पत्र बसून वाच.

पहिल्या आठ चिठ्ठ्यांच्या शेवटी "विसरलास तर बघ" आहे. नवव्यापासून चारही चिठ्ठ्यांवर "विसरलीस तर बघ" आहे. ला नाही, ली. काना नाही, दुसरी वेलांटी. आठ महिने अण्णा तुझ्याशी बोलले. सप्टेंबरपासून ते वहिनीशी बोलतायत.

तू सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवलंस, स्वतः गेलास का? खांदा भरून येतो, खणताना बसावं लागतं, हे तूच लिहिलंस ना? उद्याच्या उद्या जा. नाही गेलास तर माझ्याशी गाठ आहे. चारही वेलांट्या मी लाल शाईने खोडून काना दिला आहे. चिठ्ठ्या सोबत परत पाठवत आहे. त्यांच्यावरून हात फिरवू नकोस.

लोभ आहे म्हणूनच दटावते आहे.
ताई

१८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दवाखान्यातून घरी आलो. हृदयाच्या दोन वाहिन्या बंद होत्या, त्या मोकळ्या केल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी महिना गेला असता तर त्यांच्याही हातात काही नव्हतं. तुझी वहिनी तुझं नाव घेते आणि रडते. अडतीस वर्षांची तुझी खोड माझ्या उपयोगी पडली.

काल सप्टेंबरची चिठ्ठी खिडकीत लावली. तुझा लाल काना ठसठशीत दिसतो. पण ताई, वरचा आकडा तसाच आहे. "चार तोंडांपुरता पालक." तुझ्या नजरेतून सुटला कसा? मी खोडणार होतो, पण धीर झाला नाही. पाच तारखेला पेरायचाय, त्याआधी कळव.

लोभ आहे, उत्तर लवकर धाड.
धाकटा

२६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आकडा सुटला नव्हता. चिठ्ठ्या परत धाडण्याआधी तीन वेळा मी चाराचा पाच केला. शाई वाळली की कागदावर पुन्हा चारच. तिसऱ्या वेळी खाली पाहिलं तर तुझा कानाही पुसट होऊ लागला होता आणि वेलांटी वर येत होती. दोन्हींतलं एकच टिकणार, हे कळायला मला वेळ लागला नाही. आकड्याचा नाद सोडला. काना पुन्हा गिरवला. तो टिकला. बाकीच्या तिन्ही चिठ्ठ्यांवरही तसंच केलं.

यांना काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. भीती वाटत नाही असं नाही. काल कपडे वाळत घालताना एकदम रडू फुटलं. पण पेन माझ्या हातात होतं, तेव्हा तुझ्या जागी मीच, आणि तू चिमणीचा बाप आहेस. यात भांडण्यासारखं काही नाही. भांडायला आलास तर पत्र वाचणार नाही.

पालक चौघांपुरताच पेर. यांना मुळा सोसत नाही, गाजरं जास्त लाव.

माझा लोभ तुमच्यापाशीच राहील.
ताई