एका बोटाचं काजळ

माय,

तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि माझा राग अजून गेलेला नाही. आज मोलगीच्या बाजारात औषधांची पेटी उघडून बसलो होतो. सरकारी कंपाउंडर झाल्यापासून दर आठवड्याला बसतो. एक बाई तीन पोरं घेऊन आली. तिघांचे डोळे चिपडांनी चिकटलेले आणि तिघांच्या डोळ्यांत काजळ. मी विचारलं, घालताना बोट मधे पुसलं होतंस का? ती नुसती हसली. मी एवढा ओरडलो की शेजारचा मीठवाला उठून आला. ओरडत होतो तिच्यावर, पण डोळ्यांसमोर तू होतीस.

तुझं काजळ गावात नावाजलेलं. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथं तांब्याचं ताट, खरवडलेली काजळी घरच्या तुपात खललेली. शनिवारी न्हाणं झालं की मला आणि धाकट्या बहिणीला ओट्यावर बसवायचीस. आणि तुझा तो नेम: भावंडांना एकाच बोटानं घालायचं, बोट मधे पुसायचं नाही, पुसलं तर भावंडं दुरावतात. माझ्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या, पापण्या सकाळी कोमट पाण्यानं सोडवाव्या लागत, तरी तू नेम मोडला नाहीस. माझ्या डोळ्यातलं बोट धाकटीच्या डोळ्यात गेलं. मी बरा झालो. तिच्या पापण्यांच्या आत साबुदाण्यासारखे दाणे धरले ते धरलेच.

तालुक्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, सहा महिने, आठवड्यातून दोनदा यायचं. पापणी उलटी करून आतून मोरचुदाचा खडा फिरवायचा, घरी जस्ताच्या पाण्याचे थेंब, निजताना पिवळं मलम. मोरचूद झोंबतो, ते तू मला सांगायला नको, आज मीच तो फिरवतो. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला गाडी गोमाई नदीच्या पात्रात उतरली, धाकटी रडायला लागली, आणि तू गाडीवाल्याला म्हणालीस, "गाडी फिराव. पोर रडस ते माले देखवत नही." घरी येऊन तिला पुन्हा काजळ घातलंस, थंड वाटावं म्हणून. थेंबांची बाटली फडताळात सुकून गेली. हळूहळू तिच्या पापण्यांचे केस आत वळले, बुबुळं घासली गेली, फूल पडलं. आधी उजव्यात, मग डाव्यात. तुला सहा महिने तिचं रडणं सोसलं नाही. मी तीस वर्षं तिला चाचपडताना बघतोय.

ती माझ्याकडेच असते. बोटांनी तूर निवडते, एक खडा सुटत नाही. आता खुपऱ्यांवर सल्फाच्या गोळ्या निघाल्यात, मी हातानं मोजून देतो लोकांना. तिच्या त्या काही कामाच्या नाहीत. परवा संतापात तिला बोलून गेलो की मायनंच तुला आंधळं केलं. तूर निवडता निवडता ती म्हणाली, "भाऊ, तिना हातनं काजय थंड लागे." मला तिचाही राग आला.

बायकोला, डॉक्टरला, बाजारातल्या बायांना मी सांगत आलोय की मायनं आजारी पोराला आधी घातलं. ते अर्धंच आहे. त्या शनिवारी माझे डोळे आलेले बघून तू बोट आधी तिच्याकडे नेलं होतंस. म्हणालीस, "तुन्हा डोया उनात, पहिले धाकलीले घालू दे." मी ओट्यावर लोळण घेतली. थोरला मी, पहिलं माझं. तू दोनदा समजावलंस, मग हसलीस आणि माझ्याकडे वळलीस. सात वर्षांच्या पोराचं का ऐकलंस, माय? एक थोबाडीत द्यायची होतीस.

मी वाचून दाखवल्याशिवाय धाकटीला हे पत्र कळायचं नाही, आणि मी ते वाचून दाखवणार नाही.