बाची कायमी तिथी

४ मे. सकाळी.
डोके तापले आहे. वैशाख वद्य दशमीला चबुतऱ्यावरच्या कबुतरांना दाणे बाच्या नावाने पडतात. आई गेली त्याच वर्षी मी चबुतऱ्याच्या ट्रस्टकडे एकरकमी पैसे भरून ही कायमी तिथी नोंदवली. आज वजुभाई तिथल्या फळ्यावर महिन्याच्या तिथी लिहीत होता. नवमी, मग एकदम एकादशी. दशमी नाही! कायमी म्हणजे काय, असे विचारले. तो म्हणाला, मास्तर, आधी पंचांग तर बघ. मी त्याला पुढे बोलू दिले नाही. जन्मभर शाळेत भाषा शिकवली. शब्दाचा अर्थ कापडदुकानदाराकडून शिकायचा? ट्रस्टचा सेक्रेटरी झाला म्हणून?
निश्चय: वजुशी बोलणे कायमचे बंद.

४ मे. संध्याकाळी.
गांठियाच्या दुकानात वजु भेटला. बोलावे लागले. पण रागाने बोललो. गांठिया त्याच्याच पुड्यातले खाल्ले.

६ मे.
'कायमी' या शब्दावर पेपरात जळजळीत लेख लिहिणार. साऱ्या महुवा गावाला कळू दे. रोज पहाटे उठून लिहायचे. हा नियम कायमचा.

७ मे.
उशिरा जाग आली. हंसाने हाक मारायला हवी होती. ती म्हणते, हाक मारली, तुम्ही उशी फेकलीत.

९ मे.
लेखाचे पहिले वाक्य झाले. 'कायमी म्हणजे जे' इथपर्यंत. पंख्याच्या आवाजात माणूस विचार कसा करणार?

१२ मे.
हंसा सकाळीच तयार. सासूबाईंचे दाणे घालायचे आहेत, चला, म्हणाली. दशमी उद्या आहे, असे बजावले. आज नवमी. ती काही सांगू लागली. मी ओरडलो, त्या वजुचे तोंड बघणार नाही! तुमच्यापुढे बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणून एकटीच गेली. उद्या मी स्वतः ज्वारी नेणार. सर्वांदेखत. निषेध म्हणून.

१३ मे.
पिशवी घेऊन गेलो. रोजच्या फळ्यावर एकादशी, नाव दुसऱ्याच कुणाचे. आवाज चढवला. वजुने भिंतीवरचे पंचांग दाखवले. यंदा दशमीचा क्षय. ती नवमीच्याच दिवशी येऊन गेली. दाणे कालच पडले, बाच्या नावाने. अशा वर्षी नेहमी तसेच करतात. म्हणाला, काल कबुतरं आली, तुझी हंसा आली, माझी सूनसुद्धा आली. तू तेवढा नव्हतास.
ज्वारी टाकली. कबुतरांची पोटे भरलेली. एकही खाली उतरले नाही.
फळा नीट पुसलेला नव्हता. बाचे नाव अंधुक दिसत होते.
वजुने चहा पाजला. प्यायलो.
पुढच्या वर्षी दशमी आहे का, हंसाला विचारले. ती म्हणाली, तिथी कायमीच आहे. तुम्ही या म्हणजे झालं.