स्तोयनामावशीचा काळा पोशाख

३ जून
कॅमेरा प्लोव्दिव्ह शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडून परत आला. आतली काच काढून टाकलीय. आता त्याला माणसाच्या डोळ्याला न दिसणारा उजेड दिसतो, साधा फोटो मात्र कधीच निघणार नाही. बायकोला, झद्राव्काला, सांगितलं, साफ करून आणला. घरात एकच कॅमेरा आहे आणि बायको हळवी आहे.
संकल्प: महिनाअखेर वाचनालयात प्रदर्शन. झाडापानांचे वीस फोटो.

५ जून, दुपारी १
या प्रकाराला भर ऊन लागतं. चाळीस फोटो, सगळे लालभडक. सोबत आलेली पुस्तिका म्हणते, आधी कॅमेरा गवतावर रोखून रंग ठरवून घ्या. उद्या.

६ जून
रोखला. अक्रोडाचं झाड दह्यात बुडवून काढल्यासारखं पांढरं, आकाश काळं. मधोमध एक डाग येतो, तो लेन्सचा दोष. गुत्त्यात जाहीर केलं की मी आता साधे फोटो काढत नाही. इलिया म्हणाला, मग काय काढतोस, दात?

९ जून
बायकोची मावशी स्तोयना आली. वय चौऱ्याऐंशी. मिंचोकाकांच्या थडग्यावरच्या दगडाची अर्धी बाजू पाच वर्षं कोरी आहे. तिथं तिला स्वतःचं चित्र कोरून हवंय, जिवंतपणीच. म्हणाली, पोरं जर्मनीत, माझ्यामागे कुठलातरी लग्नातला फोटो पाठवतील. मला मिंचोची विधवा म्हणूनच त्याच्याशेजारी राहायचंय, काळ्यात. फोनवरचा नको. तू मोठा फोटोवाला झालास म्हणतात, बाळा.
याच्यानं साधा फोटो निघत नाही, हे जिभेवर आलं होतं. पण झद्राव्का शेजारीच उभी होती.

१० जून
दगडावर रंग नसतोच. म्हणजे माझाच कॅमेरा योग्य.

१२ जून, दुपारी १२
मावशी अक्रोडाखाली बसली. काळा रुमाल, गळ्यापर्यंत बटणं. काका गेल्यापासून तिनं दुसरा रंग अंगाला लावलेला नाही. उन्हात स्क्रीनवर काही दिसेना. सोळा फोटो काढले आणि कार्ड थेट दगडवाल्या अस्पारुखला दिलं. घरी पाहून द्यायला हवं होतं, पण त्याला घाई होती. (घाई मला होती.)

२० जून
अस्पारुखचा फोन. म्हणाला, म्हातारी पांढऱ्यात कशी? मी म्हणालो, तू कोर, तुला कलेतलं काय कळतं. मग पुस्तिका उघडली. पान सत्तावीस: काळं कापड पुष्कळदा पांढरं उमटतं. लगेच फोन करणार होतो, जेवण झालं की. जेवणानंतर डोळा लागला.

२१ जून
अस्पारुख फोन उचलत नाही. प्रदर्शन सप्टेंबरमध्ये. तेव्हा पानंही चांगली असतात.

२७ जून
दफनभूमीत, फाटकालगतच, दगड बसला. मावशी नखशिखांत पांढरी, चर्चमधल्या नवरीसारखी, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. बायका कुजबुजल्या, पाच वर्षं रडली आणि आता दुसरं लग्न लावते की काय. मावशी दगडाला धरून कितीतरी वेळ उभी होती. मी फाटकाबाहेरूनच परत फिरलो.

२८ जून
सकाळी मावशी आली, पिशवीत तो पोशाख. म्हणाली, मला धड दिसत नाही बाळा, धुऊन धुऊन विटला असणार. मला कुणी सांगितलंच नाही. तुझी एवढी मेहनत फुकट घालवली. झद्राव्काकडून काळा रंग मागून घेतला, आमच्याच अंगणात पातेलं चढवलं आणि वाकून ढवळत बसली. मधेच म्हणाली, रागावू नकोस रे.
लाजेनं अर्धमेला झालो. आता सांगायचंच म्हणून जवळ गेलो, तोंडही उघडलं. म्हणालो, होतं असं, मावशी.
तिनं माझी माफी मागितली. मी माफ केलं.