ताईंच्या ओळखीची माणसं

१२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. मी बरा आहे. तू डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचून स्वयंपाक जमू लागला आहे. फक्त मीठ किती घालायचं ते लिहायला विसरलीस.

ही गेली, तरी हिचा फोन चालूच ठेवला आहे. ही अपंग मुलांच्या शिक्षणासाठी शाळाशाळांतून फिरायची, तेव्हा मला तो नसता व्याप वाटायचा. सध्या प्रश्न छकुलीचा आहे. तिला चालता येत नाही, चाकांच्या खुर्चीत बसते. पाचवीसाठी मोठ्या शाळेत जायचं आहे. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणतात, वर्गात बसण्याची सोय मार्चअखेर करून दाखवा, तरच प्रवेश. नाहीतर पोर घरी बसणार. तिची आई, व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई, तिच्यासाठी बाक करणारे सुतार, सगळे हिच्याच फोनवर बोलतात. मी ऐकून घेतो.

तुझी माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मीठ चव बघून घालायचं असतं, शहाण्या.

टेलिफोन ऑफिसात जन्मभर इकडची तार तिकडे जोडलीस, आणि आता स्वतःच मध्ये बसून राहिलास? त्या सगळ्यांना एकदा घरी बोलाव. एकमेकांना ओळखतात तरी का ते? चार माणसांत तुझी दातखीळ बसते, ठाऊक आहे. बोलू नकोस, चहा कर.

अक्काचा राग येऊ देऊ नये, पत्र पाठवत जावं.

अक्का

९ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बाक फुकट गेला. मुख्याध्यापिकांसमोर छकुलीला बसवायला गेलो तर खुर्ची बाकाखाली जाईना. मुलीला नवी, रुंद खुर्ची येणार असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. माप जुन्या खुर्चीवरून घेतलं असं सुतारांनी सांगितलं होतं. दोन्ही मला माहीत होतं. पण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, ही ऑफिसातली सवय. ती इतकी मुरली आहे की मनातही आलं नाही.

छकुली म्हणाली, काका, मी आडवी बसून लिहीन, मला येतं. तिच्या आईनं खुर्ची मागे ओढून घेतली. मुख्याध्यापिकांनी महिनाअखेरची आठवण करून दिली.

तू सांगितलंस तसं मी सगळ्यांना बोलावलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. फोन उचलला की लोक अजून हिच्याच नावानं विचारतात, ताईंचं घर ना? मी हो म्हणतो.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला सांगता येत नाही ते मला कळलं. ती माणसं एकमेकांना भेटली की हा फोन वाजायचा थांबेल, असंच ना? थांबेल. तिची आठवण मला येत नाही असं वाटतं का तुला? माझ्याशी भांडायला आता कोण उरलंय? पण त्यासाठी ती पोर घरी बसायला नको. येत्या रविवारी बोलाव. आणि कप आहेत का बघून ठेव, मागे मला वाटीतून चहा दिलास.

आशीर्वाद आहेतच, तू त्यांना जागावंस.

अक्का

४ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस त्या रविवारी सगळे आले, मुख्याध्यापिकासुद्धा. दारातच कळलं, कुणीच कुणाला धड ओळखत नव्हतं. प्रत्येकाला ठाऊक होती ती फक्त ही. आधी चौघं चार भिंतींकडे बघत बसले. मग सुतार डॉक्टरीणबाईंना म्हणाले, खुर्ची बदलणार हे एका शब्दानं सांगायचं तरी. त्या म्हणाल्या, तुमचा नंबर होता कुठे माझ्याकडे? मी चहा बघायला आत गेलो.

बाहेर आलो तर छकुलीची आई बोलत होती. दुपारनंतर पोरीचे हात दुखतात, लिहवत नाही. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग लिहायचे तास सकाळी घेऊ. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या राहिल्या आणि सुतारांनी बाक खोलून रुंद केला. छकुलीला प्रवेश मिळाला.

त्या रविवारी निघताना चौघं जिन्यातही इतकं बोलत होते की खालच्यांनी दार उघडून बघितलं.

त्यानंतर फोन वाजलेला नाही. बिघडला तर नाही ना, म्हणून दोनदा उचलून बघितला. काल बाजारात सुतार भेटले. कमी ऐकू येणाऱ्या एका मुलासाठी उद्या शाळेत सगळे जमणार आहेत म्हणाले. त्यांना वाटलं, मला माहीत असेल. मला कुणी बोलावलेलं नाही.

जाणार आहे.

तुझ्या मायेतला,
धाकटा